हरलेल्याचं नाव आधी

गावात त्याला सगळे भोंगा म्हणत. हे नाव ठेवणारा माणूस थट्टेखोर असणार, कारण इतकं कमी आणि इतकं हळू बोलणारा दुसरा कारकून नगरपालिकेत नव्हता. नावाचं मूळ बसस्थानकात होतं. नगरपालिकेत येण्याआधी तो स्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांची घोषणा करायचा. गाडी वेळेवर आहे, गाडी दोन तास उशिरा आहे, गाडी आज येणारच नाही, हे तिन्ही तो एकाच सुरात सांगायचा. लोक चिडायचे, पण भांडायला त्याच्या खिडकीपर्यंत येताना त्यांचा राग निम्मा झालेला असायचा. ज्या आवाजात काही लपवलेलंच नाही, त्याच्याशी भांडणार तरी काय?

त्याच्या बायकोचं म्हणणं, तो घरीही तसाच बोलतो. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून त्याने सासरी फोन केला आणि "मुलगी. दोघी ठीक," एवढंच सांगून ठेवून दिला. जावयाला मुलगा हवा होता की काय, या काळजीने सासूबाईंना रात्रभर झोप लागली नाही. "यांना विचारून काही कळत नाही," बायको म्हणायची. "लॉटरी लागली तरी आमच्याकडे फलाट क्रमांक तीनच."

नगरपालिकेत तो मालमत्ता कराच्या टेबलावर बसायचा. निवडणुकीच्या दिवशी मात्र त्याची जागा बदलायची. निकाल वाचून दाखवण्याचं काम त्याच्याकडे होतं. वरच्या मजल्यावर मोजणी चालायची, एकेका प्रभागाची सही झालेली चिठ्ठी खाली यायची आणि भोंगा नगरपालिकेच्या पायऱ्यांवर उभा राहून ती माइकवर वाचायचा. पुढे सगळ्यांच्या खिशात फोन आले, आकडे हातातच दिसू लागले, तरी लोक चौकात जमायचेच. भोंगा बोलेपर्यंत निकाल लागला असं कोणी धरत नसे.

त्याच्या वाचण्याची एक रीत होती. हरलेल्याचं नाव आणि मतं तो आधी वाचायचा, जिंकलेल्याची नंतर.

या रीतीला कारण त्याची पहिलीच निवडणूक. त्या वर्षी त्याने सगळे वाचतात तसंच वाचलं होतं. जिंकणाऱ्याचं नाव उच्चारलं, चौकात आरडाओरडा सुरू झाला आणि हरलेल्याचा आकडा त्यात बुडाला. सगळं आटोपल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक पायऱ्यांशी आले. गर्दी पांगेपर्यंत थांबले होते ते. चष्मा पुसत म्हणाले, "मला किती पडली हो? ऐकूच आलं नाही." भोंग्याने चिठ्ठी पाहून सांगितलं, "बत्तीस." मुख्याध्यापकांनी मनाशी हिशेब केला. "घरातली सात. म्हणजे पंचवीस बाहेरची. बरी आहेत की." आणि ते छत्री बगलेत मारून निघून गेले.

पुढच्या वेळेपासून त्याने क्रम उलटा केला, चिठ्ठीही तशीच लिहून मागितली. सुरुवातीला लोक गोंधळले, मग त्यातली गोम त्यांना कळली आणि पहिलं नाव निघाल्याबरोबर समोरची बाजू ओरडू लागली. तेव्हा भोंगा थांबायचा. हातात कागद धरून, ड्रायव्हर चहाला गेलेल्या गाडीसारखा, नुसता उभा. शांत झाल्याशिवाय पुढचा आकडा नाही. दोन-तीन निवडणुकांत गाव शिकलं. जिंकलात तरी तो आनंद जरा पोटात ठेवायचा, समोरच्याची मतं ऐकून घ्यायची, मग काय नाचायचं ते नाचा. बाहेरगावचे पाहुणे हे बघून चकित व्हायचे. इथल्या लोकांना त्यात विशेष काही वाटत नसे.

आणि त्याची ताई नगराध्यक्षा होती.

आई गेली तेव्हा भोंगा तिसरीत होता, ताई सोळा वर्षांची. वडील असून नसल्यासारखे. ताईने शाळा सोडली, घर हातात घेतलं आणि धाकट्याला घासूनपुसून रोज वेळेवर शाळेत पोचवलं. लग्न केलं तेही भाऊ बरोबर येणार ही अट घालून. तिचा नवरा हार्डवेअरचं दुकान चालवायचा, मोठा गमत्या माणूस. गिऱ्हाइकांना मेव्हणा दाखवून तो सांगायचा, "बायको घेतली, त्यावर हा फुकट मिळाला." तो अकाली गेला. ताईने दुकान चालवलं, गल्लीच्या पाण्यासाठी नगरपालिकेशी भांडली आणि भांडता भांडता तिथेच निवडून गेली. चार वेळा. शेवटच्या दोन वेळा अध्यक्ष म्हणून. चारही वेळा तिचं नाव भावाने वाचलं आणि चारही वेळा ते दुसरं आलं.

या वेळी तसं होईल याची खात्री नव्हती. जुनी मंडई दुरुस्तीसाठी बंद करायचा निर्णय ताईचा. सहा महिन्यांचं काम दोन वर्षं लांबलं. ठेकेदार बदलले, पत्रे लागले, ते गंजले. मंडईशेजारी बेकरी चालवणाऱ्या बाईचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं आणि ती ताईच्याच प्रभागातून, अकरातून, ताईविरुद्ध उभी राहिली. सकाळी पावासाठी रांग लावणारा प्रत्येक माणूस तिच्याशी दोन शब्द बोलत होता. अध्यक्षबाईंच्या गाडीची काच मात्र गेल्या दोन वर्षांत फारशी खाली आली नव्हती. भोंग्याने हे ताईला एकदा सांगितलं होतं, नेहमीच्या सुरात: "मंडईचं तुझं चुकलं." ताई त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

मतदानाच्या आधी काही दिवस तो तिच्याकडे गेला. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी प्रचाराची पत्रकं गठ्ठ्यांत लावत बसली होती. त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की या वेळी अकराचा निकाल निवडणूक अधिकारी वाचतील, तो बोलला आहे त्यांच्याशी.

"का?" ताईने विचारलं.

"बरं दिसत नाही."

"चार वेळा बरं दिसलं ते?"

"चार वेळा तू निवडून आलीस."

ताईचे हात थांबले. "म्हणजे मी पडणार, असं वाटतंय तुला."

"मला काही वाटत नाही."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे," ती म्हणाली आणि पुन्हा गठ्ठे ठोकून सारखे करू लागली. मग मान वर न करता बोलली, "हे बघ. पडायचंच असेल तर मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. दुसऱ्या कोणी वाचलं तर त्यात खुशी तरी असेल, नाहीतर कीव तरी. तुझ्या आवाजात दोन्ही नसतं. तेवढं कर माझ्यासाठी."

ताईने त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. देण्याचं खातं कायम तिचंच. तो बरं म्हणाला. बाहेर पडताना तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, साठीकडे झुकलेल्या माणसाचं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं आणि जे ताईला सांगता आलं नव्हतं तेही सांगितलं. आवाज फुटला तर? एकदा जरी फुटला, तरी आजवर त्याने वाचलेल्या प्रत्येक निकालाकडे लोक वेगळ्या नजरेने बघतील. म्हणतील, याच्याही मनात कोणीतरी होतं तर. बायकोने ऐकून घेतलं. "होतंच की," ती म्हणाली. "त्यात लोकांनी नवीन काय शोधायचंय?" पण तिला कळलं होतं. गावाने त्याला एकच मान दिला होता आणि तो त्या आवाजाचा होता.

निकालाच्या दिवशी दुपारपासून चौक भरू लागला. सत्ताधारी मंडळी नेहमीप्रमाणे डावीकडे, बँकेच्या बाजूला. विरोधक उजवीकडे, औषधांच्या दुकानासमोर. मध्ये कारंजं, जे कधीच चालत नसे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावरची बाई वरून चिठ्ठ्या आणून देत होती आणि भोंगा वाचत होता. पहिले तीन प्रभाग सत्ताधाऱ्यांनी राखले. चौथा गेला. पाचवा गेला. सहावा ताईच्या उपाध्यक्षाचा, तोही गेला. उपाध्यक्षाची मतं चौकाने शांतपणे ऐकून घेतली आणि मग उजवीकडून असा आवाज उठला की बँकेच्या छपरावरची कबुतरं उडाली.

सत्ता सरकते कशी, हे बघायचं तर आकड्यांपेक्षा पाय बघावेत. आठव्या प्रभागानंतर मंडईच्या कामाचा ठेकेदार बुटाची नाडी बांधायला कारंज्याशी वाकला, आणि उठला तेव्हा त्याचं तोंड उजवीकडे होतं. बाराव्या प्रभागाला तो औषधांच्या दुकानासमोर उभा राहून तिथल्या लोकांना सिगारेट देत होता. वारा पाहून पाठ फिरवणारे आणखीही निघाले. कोणी फोन कानाला लावून चालत चालत पलीकडे गेलं, कोणाला तिकडे अचानक जुना मित्र दिसला. अंधार पडून दिवे लागले तेव्हा डावीकडची फरशी बरीचशी मोकळी दिसत होती. ताई तिथेच होती, बँकेच्या दाराजवळ, हात मागे बांधून. तिच्याभोवती आता फक्त तिच्या गल्लीतली माणसं होती. भोंग्याची बायको तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

एकवीसपैकी वीस निकाल लागले आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा झाले. राहिला प्रभाग अकरा. फरक इतका थोडा होता की फेरमोजणी मागितली गेली. फोनवर त्या प्रभागापुढे नुसती रेघ दिसत होती.

चिठ्ठी या वेळी अधिकारी स्वतः घेऊन जिना उतरले. व्हरांड्यात त्यांनी ती भोंग्याच्या हातात दिली आणि अवघडून विचारलं, "मी वाचू का?"

भोंग्याने चिठ्ठी पाहिली. ताई एकोणीस मतांनी पडली होती. अध्यक्षपद गेलं होतं, बहुमत गेलं होतं आणि मंडईच्या पत्र्यांसकट सगळी नगरपालिका पलीकडे गेली होती. त्याला त्यातलं काहीच सुचलं नाही. त्याला एवढंच दिसलं की वरच्या ओळीत तिचं नाव आहे. "नको," तो म्हणाला. "सांगितलंय मला."

तो पायऱ्यांवर आला. माइक नेहमीच्या उंचीवर होता, तरी त्याने तो उगाच वरखाली केला. चौक गप्प झाला.

"प्रभाग अकरा," त्याने वाचलं. सूर ठीक होता, तेच फलाट, तीच गाडी. मग कागदावरचं नाव घ्यायचं होतं. ते नाव आजवर नेहमी दुसऱ्या ओळीत आलं होतं आणि त्याची जीभ ते पहिल्या ओळीत कधी शोधायला गेलीच नव्हती.

"ताई," भोंगा म्हणाला. "आठशे बारा."

आपण काय बोललो हे त्याला लगेच कळलं नाही. त्याने रीतीप्रमाणे थांबून, पुढे बेकरीवालीचं पूर्ण नाव घेतलं आणि वाचलं, "आठशे एकतीस." आता ओरडायला हरकत नव्हती. पण कोणी ओरडलं नाही. उजवीकडची माणसं एकमेकांकडे बघत होती. बेकरीवाली सगळ्यांत पुढे उभी होती आणि तिचा हात तोंडावर होता. तेव्हा कुठे तो एक शब्द त्याच्या स्वतःच्या कानात परत आला. आवाज फुटला नव्हता. नेहमीसारखाच, सरळ आला होता. त्याने जन्मभर जपलेली गोष्ट शाबूत राहिली होती आणि तरीही त्याच्या मनातलं सगळं चौकाला ऐकू गेलं होतं.

शांतता मोडली ती बेकरीवालीच्या बाजूच्या वकिलाने. माणूस वाईट नव्हता, फक्त वकील होता. पायऱ्यांपाशी येऊन तो अधिकाऱ्यांना म्हणाला की उमेदवाराचं नाव घेतलं गेलेलं नाही. उद्या कोणी कोर्टात गेलं तर या घोषणेला अर्थ नाही, ती पुन्हा व्हायला हवी. अधिकाऱ्यांनी नियम आठवून पाहिला. वकिलाचं बरोबर होतं. ते माइकजवळ येऊन भोंग्याला हलक्या आवाजात म्हणाले, "परत वाचा. या वेळी पूर्ण नावाने."

म्हणजे ताईला दुसऱ्यांदा पाडायचं होतं.

भोंग्याने कागदाकडे पाहिलं. अक्षरं दिसत होती, पण तोंड उघडत नव्हतं. चौकात कुजबुज सुरू झाली. आणि मग लोक बाजूला होत गेले, कारण ताई येत होती. तिने मोकळी फरशी ओलांडली, कारंज्याला वळसा घातला आणि गुडघ्यावर हात टेकत पायऱ्या चढून ती भावाशेजारी उभी राहिली. तिने हात पुढे केला.

"दे इकडे," ती म्हणाली. "माझं नाव मला पाठ आहे."

माइक चालू होता. पुढच्या रांगेत दोघे-तिघे हसले आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळले. लहानपणी ती अशीच हात पुढे करायची: वही दे, दप्तर दे, सुटत नसलेली गाठ दे. त्याने तेव्हा प्रत्येक वेळी दिलं होतं. आता त्याने कागद दुसऱ्या हातात, तिच्यापासून लांब धरला.

"नाही," तो म्हणाला. "माझं काम आहे."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. तिला नाही म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ती चांगलीच वेळेवर आली होती. तिने हात मागे बांधले आणि चौकाकडे तोंड करून उभी राहिली.

"प्रभाग अकरा," भोंग्याने वाचलं. मग तिचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट आणि आडनावासकट, एकेक शब्द सुटा. "आठशे बारा." मागे कोणीतरी शिट्टी मारली. भोंगा थांबला. शिट्टीवाल्याला त्याच्याच बाजूच्या माणसांनी गप्प केलं. तरी भोंगा थांबूनच होता. तिचे आठशे बारा चौकाच्या शेवटच्या टोकापर्यंत नीट पोचू दिले त्याने. मग बेकरीवालीचं नाव. "आठशे एकतीस."

आता मात्र उजवीकडचा चौक फुटला. बेकरीवालीला लोकांनी उचललं, तिने आधी खाली ठेवा म्हणून आरडाओरडा केला आणि ती पायऱ्या चढून वर आली. तिच्या बाहीवर पीठ होतं, सकाळी भट्टी लावूनच ती आली असणार. ताईला ती बहुधा काहीतरी तयार केलेलं बोलणार होती, पण विसरली. "मंडई मी उघडणार," एवढंच म्हणाली. ताई म्हणाली, "उघड. पण मागच्या भिंतीला ओल आहे, ती आधी बघ. मला कोणी सांगितलं नव्हतं." तिने बेकरीवालीचा हात हातात घेतला आणि बाहीवरचं पीठ झटकलं.

गर्दीतून बाहेर पडायला बराच वेळ लागला. तिघं चौकाच्या कोपऱ्याशी आली तर ताईची गाडी नव्हती. निकाल जाहीर होताच गाडी जमा करायची असा नियम होता, आणि अध्यक्षबाईंचा ड्रायव्हर नियमाला धरून चालणारा होता. तो गाडी गॅरेजमध्ये लावून, किल्ली देऊन घरी गेला होता. ताईची पर्स मागच्या सीटवर होती. पर्समध्ये घराची किल्ली.

"चला आमच्याकडे," भोंग्याची बायको म्हणाली. "तुमच्या भावाची गाडी अकरा नंबरची. दोन पायांची."

पूल ओलांडून चालत जाताना ताई एकदाच बोलली. दर दहा पावलांवर कोणीतरी थांबून तिला नमस्कार करत होतं, आणि ती उत्तर देत होती. एक गृहस्थ पुढे गेल्यावर ती म्हणाली की हा माणूस एरवी गटाराची तक्रार केल्याशिवाय सोडत नाही. आज नुसताच हसला. म्हणजे खरंच पडले मी.

घरी बायकोने जेवण गरम केलं. ताई टेबलाशी बसली, चार घास खाल्ले आणि ताट थोडं पुढे सरकवलं. भोंगा समोर बसला होता.

"पहिल्यांदा चुकलं माझं," शेवटी तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"राग आला?"

ताईने पाण्याचा पेला फिरवत विचार केला. "तेव्हा कळलंच नाही की मी पडले," ती म्हणाली. "मला वाटलं, तू हाक मारलीस. मी ओ देणार होते."

बायको उठून उगाच सिंककडे गेली.

थोड्या वेळाने ताईने चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि ताठ बसली. "बरं. उद्या सकाळी काय करायचं? नऊला मीटिंग असायची माझी. लोक काय करतात सकाळी नऊला?"

"आधी तुझी पर्स आणायची," भोंगा म्हणाला.

"गॅरेजमधून?"

"हो. पण जमा झालेल्या गाडीतली वस्तू आहे. अर्ज द्यावा लागेल."

"कोणाला?"

भोंग्याने प्रश्नाचा नीट विचार केला. "अध्यक्षांना," तो म्हणाला.

हे त्याने ज्या सुरात सांगितलं त्याला काय म्हणावं? थट्टा त्यात नव्हती, तशी काळजीही नव्हती. ताई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या गळ्यातून कसलासा आवाज आला आणि ती हसू लागली. आधी हळू, मग टेबल धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सिंकजवळून भोंग्याची बायकोही हसायला लागली. भोंगा दोघींकडे आळीपाळीने बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्याला यातलं काय कळलं, काही सांगता येत नव्हतं. ताईचं हसणं मध्येच कुठेतरी बदललं. खांदे तसेच हलत होते, पण आवाज थांबला होता. बायकोने पुढे होऊन तिच्यासमोरचं ताट उचललं, टेबलावर जागा करून दिली. ताईने तिथे डोकं टेकवलं, आणि भोंग्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.